इंजिनातून जाळ दिसला, तर उठायचं की बसायचं?

विमानप्रवासावर लिहायला लागल्यापासून तीन प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी माझ्यापर्यंत येत राहतात. कुणी विचारतं, "विमान मागे ढकलत होते आणि इंजिनामागून भडका उडाला. मी ओरडले, तर क्रू म्हणाली, बसून राहा. असं कसं?" कुणी सांगतं, "घसरगुंडीवरून उतरवलं, पण पासपोर्ट आतच राहिला. बॅग घेऊ द्यायला यांचं काय जात होतं?" तिसरा प्रश्न आठवड्याभराने येतो: "कंपनी म्हणते बिघाड आमच्या हातात नव्हता, म्हणून भरपाई नाही. खरंच नाही का?"

तिन्ही प्रश्नांची उत्तरं या लेखात क्रमाने दिली आहेत. पण मधला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. त्याचं उत्तर विमानात शोधायला वेळ नसतो, ते घरून निघतानाच द्यावं लागतं.

जाळ दोन प्रकारचा असतो

रॉकेलचा स्टोव्ह ज्यांनी पेटवला आहे त्यांना पहिला प्रकार लगेच कळेल. बर्नर नीट तापायच्या आत पंप मारला की न जळलेलं रॉकेल साठतं आणि मग एकदम भडका उडतो. विमानाचं इंधन हे रॉकेलचंच भावंड. इंजिन सुरू होताना ते आत जास्त साठलं आणि मग पेटलं, तर इंजिनाच्या मागच्या नळकांड्यातून ज्वाळा बाहेर येतात. रात्रीच्या अंधारात हे दृश्य फारच भयंकर दिसतं.

यावर पायलटचा उपाय ठरलेला असतो: इंधन बंद करायचं, पण इंजिन स्टार्टरने फिरवत ठेवायचं. आत जाणारी हवा उरलेलं इंधन आणि जाळ दोन्ही बाहेर फुंकून टाकते. खिडकीतून बघणाऱ्याला मात्र वाटतं, "इंजिन अजून फिरतंय, म्हणजे यांना पत्ताच नाही!" प्रत्यक्षात ते फिरवत ठेवणं हाच तो उपाय असतो.

तरीही तुमची शंका अगदीच चुकीची नसते. आगीची सूचना देणारे सेन्सर इंजिनाच्या गाभ्याबाहेर, आवरणाच्या आत बसवलेले असतात. मागच्या नळकांड्यातला जाळ त्यांना जाणवेलच असं नाही. कॉकपिटमध्ये घंटा वाजत नाही, लाल दिवा लागत नाही, आणि पायलटला आपल्या खुर्चीतून इंजिनाचं मागचं तोंड दिसत नाही. ही बातमी त्याला खाली हेडसेट लावून उभ्या असलेल्या इंजिनिअरकडून, दुसऱ्या विमानाच्या पायलटकडून किंवा तुमच्याकडून कळते. १४ सप्टेंबर २०२२ रोजी मस्कतहून कोचीला निघालेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानाच्या इंजिनातून धूर निघत असल्याचं टॅक्सीवेवरच्या दुसऱ्या विमानाने कळवलं होतं. चार तान्ह्या बाळांसह १४५ प्रवाशांना घसरगुंड्यांवरून उतरवण्यात आलं.

दुसरा प्रकार खऱ्या अर्थाने इंजिनाची आग. इंधन किंवा तेल गळतं आणि इंजिनाच्या गाभ्याबाहेर, आवरणाखाली पेटतं. इथे घंटाही वाजते आणि दिवाही लागतो. पायलट इंधन तोडतो, फायर हँडल ओढतो आणि आवरणाच्या आत विझवणाऱ्या वायूची बाटली सोडतो. तेवढ्याने भागलं नाही, तर विमान रिकामं करायचं.

गळालेलं इंधन किती झपाट्याने पेट घेतं ते २० ऑगस्ट २००७ रोजी जपानमधल्या नाहा विमानतळावर दिसलं. चायना एअरलाइन्सचं बोइंग ७३७ उतरून जागेवर उभं राहिलं होतं. पंखातल्या टाकीला भोक पडून गळणाऱ्या इंधनाने पेट घेतला. आतले सगळे १६५ जण वेळेत बाहेर पडले. विमानाचा कोळसा झाला.

आपल्या खुर्चीतून या दोन प्रकारांतला फरक ओळखता येत नाही. म्हणून निदान करायचं काम तुमचं नाही. जे दिसलं ते सांगणं एवढंच तुमचं काम.

काय नेहमीचं, काय सांगण्यासारखं

इंजिन सुरू होताना नवख्या प्रवाशाला घाबरवणाऱ्या बऱ्याच गोष्टी रोजच्याच असतात:

- एसीचा आवाज मिनिटभर बंद पडतो. तीच हवा इंजिन फिरवायला वळवलेली असते.
- दिवे क्षणभर लुकलुकतात.
- एअरबस ए३२० मध्ये पायाखालून करवत चालवल्यासारखा किंवा कुत्रा भुंकल्यासारखा आवाज येतो. ती एका हायड्रॉलिक यंत्राची आपसूक होणारी चाचणी असते.
- पावसाळ्यात मुंबई-गोव्याच्या दमट हवेत वरच्या झरोक्यांतून पांढरं धुकं उतरतं. ते बाष्प असतं, त्याला जळका वास नसतो.
- वाऱ्याची दिशा उलटी असेल तर थोडा वेळ रॉकेलसारखा वास येतो.
- इंजिनातून पांढऱ्या धुराचा एखादा झोत निघतो आणि लगेच विरतो.

या गोष्टी मात्र ताबडतोब सांगा:

- इंजिनातून किंवा पंखाखालून ज्वाळा
- न थांबणारा काळा किंवा करडा धूर
- पंखातून किंवा इंजिनाखालून धार लागून गळणारा द्रव
- केबिनच्या आत धूर, किंवा वायर-प्लास्टिक जळल्याचा वास
- खिडकीची काच तापणं, तिचा रंग बदलणं, तडकणं

दिसल्यावर काय करायचं

1. जागेवर बसूनच आवाज द्या. कॉल बटण दाबा, पण त्याच्यावर विसंबू नका. विमान मागे ढकललं जात असताना क्रू आपापल्या जागी बसलेले असू शकतात. मोठ्याने, स्पष्ट हाक मारा.
2. चार गोष्टी सांगा: कोणती बाजू, कितवी रांग, ज्वाळा की धूर, आणि अजून चालू आहे की थांबलं. "डावं इंजिन, मागून ज्वाळा, मी सतराव्या रांगेत आहे" हे एक वाक्य "आग! आग!"पेक्षा शंभरपट उपयोगाचं. ते जसंच्या तसं कॉकपिटमध्ये पोचतं.
3. पट्टा सोडू नका. विमान अजून हलत असेल, तर उभा राहिलेला माणूस पहिल्याच ब्रेकला तोंडावर आपटतो.
4. दाराला हात लावू नका. बाहेर त्याच बाजूला आग असू शकते किंवा इंजिन चालू असू शकतं. विनाकारण दार उघडणं हा गुन्हाही ठरतो.
5. बूट घालून ठेवा, उंच टाचांच्या चपला काढून ठेवा, कानातले इअरफोन काढा. पुढचा आदेश एकदाच येईल.

क्रूने ऐकून घेतलं आणि तरीही "बसून राहा" म्हणाले, तर ते तुम्हाला उडवून लावत नाहीत. नळकांड्यातला जाळ बहुधा थोड्या वेळात विझतो आणि अशा वेळी आतच थांबणं सगळ्यात सुरक्षित असतं. मात्र तुमचं म्हणणं ऐकलंच गेलं नाही असं वाटलं, तर दुसऱ्या क्रूला सांगा. त्यात संकोच करू नका.

पुढे तीन गोष्टी होऊ शकतात

विमान जागेवर परत. जाळ विझला, इंजिनिअर तपासणी करणार. तुम्ही आत बसून राहता किंवा एरोब्रिजने उतरता.

झटपट उतरवणं. धोका आहे, पण घसरगुंड्या उघडण्याइतका नाही. शिडीने किंवा एरोब्रिजने लगबगीने उतरायचं. बॅग घ्यायची की नाही हे क्रू सांगेल. सांगितलं नाही तर घ्यायची नाही.

आपत्कालीन निष्क्रमण. म्हणजे घसरगुंड्या. २१ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेत ऑरलँडोला डेल्टाच्या एअरबस ए३३० मध्ये अगदी असंच झालं. अटलांटाला निघालेलं विमान मागे ढकलत असताना एका इंजिनाच्या नळकांड्यात ज्वाळा दिसल्या आणि २८२ प्रवाशांना घसरगुंड्यांवरून खाली आणलं गेलं. मुंबईतही ४ सप्टेंबर २००९ रोजी रियाधला निघालेल्या एअर इंडियाच्या बोइंग ७४७ चं एक इंजिन धावपट्टीकडे जाताना पेटलं होतं. २१३ प्रवासी सुखरूप बाहेर आले.

घसरगुंडी मुलांच्या बागेतल्यासारखी नसते. तिच्यावरून उतरताना कोपरं सोलवटतात, घोटे मुरगळतात, कधी हाड मोडतं. म्हणूनच पायलट हा आदेश विचार करून देतो. तुम्ही घाई केली म्हणून तो लवकर येत नाही. मात्र एकदा आला की चर्चा संपली.

बॅगेचा निर्णय घरीच घ्या

विमानाला परवाना मिळतो तेव्हा निम्मी दारं बंद आहेत असं धरून ९० सेकंदांत सगळ्यांना बाहेर काढून दाखवावं लागतं. २००६ मध्ये हॅम्बुर्गला एअरबस ए३८० च्या चाचणीत ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर पडली. त्या चाचणीत वरच्या कप्प्यातून बॅग काढायला कुणी थांबत नव्हतं.

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं ए३५० विमान धावपट्टीवर तटरक्षक दलाच्या विमानाला धडकून पेटलं. त्या छोट्या विमानातल्या सहांपैकी पाच जण दगावले. ए३५० मधले मात्र सगळे ३७९ जण वाचले. आठपैकी फक्त तीन दारं वापरण्याजोगी होती. प्रवाशांनी सामान आत सोडलं म्हणून हे जमलं.

याच्या उलटही अनेकदा घडलं आहे. २०१५ मध्ये लास वेगासला ब्रिटिश एअरवेजच्या विमानाचं इंजिन पेटलं, तेव्हा काही प्रवासी बॅगा ओढत धावपट्टीवरून चालताना साऱ्या जगाने पाहिले. ती माणसं मूर्ख नव्हती. त्यांच्या बॅगेत पासपोर्ट होता, औषधं होती, घराच्या किल्ल्या होत्या. जीव वाचला तरी परक्या गावात त्यांच्याशिवाय काय करायचं, हा विचार हाताला बॅगेकडे नेतो. असा विचार मनात येऊच नये, याची सोय आधी करता येते.

मी गेली काही वर्षं एक कापडी पाऊच वापरतो. रुंदीला वहीच्या पानाएवढा, गळ्यात अडकवायचा, शर्टाखाली सपाट बसणारा. बोर्डिंगपासून विमान हवेत जाईपर्यंत आणि उतरताना तो अंगावरच असतो. त्यात एवढंच ठेवा:

- पासपोर्ट किंवा आधार, व्हिसा किंवा रेसिडेन्सी कार्ड
- फोन आणि एक बँक कार्ड
- एका दिवसाची औषधं. दमेकऱ्यांनी पंप, मधुमेहींनी इन्सुलिन पेन
- चष्म्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, घराची किल्ली
- एका कागदावर दोन जवळच्या माणसांचे नंबर. फोन हरवला की कुणाचाच नंबर पाठ नसतो, हे तेव्हा कळतं

लग्नाला निघालात आणि दागिने सोबत असतील, तर ते वरच्या कप्प्यात ठेवू नका. अंगावर किंवा या पाऊचमध्ये बसतील तेवढेच न्या. जे अंगावर नाही ते आत राहणार, हे घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा. आपण बॅग सोडतो, पण बरोबरचे काका थांबतात आणि मागची चाळीस माणसं खोळंबतात.

कपड्यांचाही विचार करा. नायलॉन आणि पॉलिस्टर उष्णतेने वितळून कातडीला चिकटतं, सुती कापड बरं. साडी नेसत असाल तर निऱ्यांना पिन आणि पदर खोचलेला ठेवा. घसरगुंडीवर मोकळा पदर किंवा ओढणी पायात येते.

आदेश आल्यावर

1. पट्ट्याची पट्टी वर उचला. घाबरलेला माणूस मोटारीतल्या सवयीने बाजूला बटण शोधतो. बसल्यावर एकदा उघडून बघितलं असेल तर हात चुकत नाही.
2. जवळचं दार मागे असू शकतं. बसतानाच पुढे आणि मागे रांगा मोजून ठेवा: "पुढे सात, मागे चार." धुरात डोळे चालत नाहीत, मोजलेल्या खुर्च्या हाताला लागतात.
3. धूर असेल तर वाका. नाका-तोंडावर ओला रुमाल धरा. जमिनीवरच्या उजेडाच्या पट्टीने जा. २२ ऑगस्ट १९८५ रोजी मँचेस्टरला धावपट्टीवरच पेटलेल्या विमानात ५५ जण दगावले, बहुतेक धुराने. त्यानंतर ही पट्टी आणि दारापाशी मोकळी जागा सक्तीची झाली.
4. वरच्या ऑक्सिजन मास्कची वाट बघू नका. तो धुरासाठी नाही. त्यात केबिनचीच हवा मिसळते.
5. दारापाशी बसू नका, उडी मारा. हात छातीवर, पाय जुळवून. काठावर बसून सरकायला लागलात की मागचे अडकतात.
6. दार अडलेलं असेल तर दुसऱ्याकडे वळा. क्रू हाताने अडवत असेल तर बाहेर आग आहे, असं समजा.

आपत्कालीन दाराजवळ बसलेल्यांची जबाबदारी मोठी. आदेशाशिवाय दार उघडायचं नाही. अपवाद एकच: केबिन धुराने भरते आहे, जीव धोक्यात आहे आणि आदेश द्यायला कुणी उरलं नाही. तेव्हाही आधी खिडकीतून बाहेर बघायचं. आग दिसली तर दार बंदच ठेवायचं.

विमान कोणतं आहे?

बसल्यावर समोरच्या खिशातलं सुरक्षाकार्ड एकदा बघा. विमानानुसार फरक पडतो:

- एअरबस ए३२०: पंखावरच्या खिडकीचं झाकण सुमारे १५ किलोचं असतं. ते ओढून बाहेर फेकायचं, मांडीवर घेऊन बसायचं नाही. पंखावरून मागच्या बाजूला घसरगुंडी उघडते.
- बोइंग ७३७: हे अकासा, एअर इंडिया एक्स्प्रेस आणि स्पाइसजेट चालवतात. पंखावरचं दार आपोआप वर उघडतं, पण पंखावरून घसरगुंडी नसते. पंखाच्या मागच्या कडेला जाऊन, खाली झुकलेल्या फ्लॅपवरून घसरत उतरायचं. मार्च २०२५ मध्ये डेन्व्हरला अमेरिकन एअरलाइन्सच्या ७३७ चे प्रवासी पंखावर ओळीने उभे असल्याची छायाचित्रं तुम्ही पाहिली असतील.
- एटीआर ७२: गोव्याहून जळगावला जाणारी छोटी पंख्यांची विमानं. मजला खाली असल्याने घसरगुंडी लागत नाही. धोका पंख्यांचा. मागच्या दाराने उतरलात तर शेपटीकडे चला, पुढच्या आपत्कालीन खिडकीतून उतरलात तर नाकाकडे. पंखा थांबलेला दिसला तरी त्याच्या जवळून जायचं नाही.

बाळ, म्हातारी माणसं आणि व्हीलचेअर

- बाळाला छातीशी कवटाळून, डोकं हाताने झाकून उडी मारा. आधी फेकू नका, दुसऱ्याच्या हाती देऊ नका.
- घरातली चार माणसं वेगवेगळ्या रांगांत विखुरली असतील तर शोधायला उलट्या दिशेने जाऊ नका. "खाली उतरून भेटायचं" हे आधीच ठरवा.
- आजी-आजोबांना आपत्कालीन दाराच्या रांगेची जागा घेऊन देऊ नका. त्या दाराच्या जवळच्या, पण वाटेच्या कडेच्या जागा बऱ्या.
- व्हीलचेअर लागणाऱ्या माणसाने बसल्यावरच क्रूला विचारावं, "वेळ आली तर मला कोण मदत करणार?" हा प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

खाली उतरल्यावर

- इंजिनांपुढून किंवा मागून पळू नका. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी शिकागोला अमेरिकन एअरलाइन्सच्या विमानाचं उजवं इंजिन पेटलं होतं. डावं इंजिन तोवर चालूच होतं. डाव्या पंखावरून उतरलेल्या एका प्रवाशाला त्याच्या झोताने खाली पाडलं आणि तो गंभीर जखमी झाला.
- वारा जिकडून येतो त्या दिशेला, निदान शंभर मीटर दूर जा. धूर अंगावर येता कामा नये.
- अग्निशमन गाड्यांवर नजर ठेवा. तीन मिनिटांत धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला पोचायचं, असा त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय दंडक आहे, त्यामुळे त्या भरधाव येतात. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला झालेल्या विमान अपघातानंतर फेसाखाली झाकलेली एक मुलगी अशाच गाडीखाली आली.
- घोळक्याने राहा, मोजणी होईपर्यंत निघून जाऊ नका. टॅक्सी पकडून घरी गेलेल्या माणसाला आगीत शोधत बसावं लागतं.
- सिगारेट पेटवू नका. जमिनीवर इंधन सांडलेलं असू शकतं.
- काही लागलं नाही असं वाटलं तरी विमानतळावरच्या डॉक्टरकडून तपासून घ्या आणि कागद मागा. घोट्याची सूज आणि धुराचा खोकला दुसऱ्या दिवशी उमटतो. तेव्हा कंपनी विचारते, "त्याच दिवशी का सांगितलं नाही?"

तुमचे हक्क: पैसे, जेवण, सामान

भारतातून सुटणाऱ्या विमानांना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे नियम लागू आहेत.

- जेवण-नाश्ता: अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास उशीर, अडीच ते पाच तासांच्या प्रवासाला तीन तास, त्याहून लांब प्रवासाला चार तास उशीर झाला की तो मोफत मिळायला हवा.
- सहा तासांहून जास्त उशीर: पर्यायी विमान की तिकिटाचे पूर्ण पैसे, यातली निवड तुमची.
- हॉटेल: चोवीस तासांहून जास्त उशीर झाला तर. विमान रात्री ८ ते पहाटे ३ दरम्यान सुटणार असेल, तर सहा तासांहून जास्त उशीर पुरतो.
- ऐनवेळी रद्द झालं तर भरपाई: एक तासापर्यंतच्या प्रवासाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५०० आणि त्याहून जास्त असेल तर १०,००० रुपये. किंवा मूळ एकेरी भाडं अधिक इंधन आकार. या दोन्हींत जी रक्कम कमी असेल ती. बुकिंग करताना स्वतःचा फोन नंबर दिलेला असावा. एजंटचा दिला असेल तर हा हक्क जाऊ शकतो.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. "असाधारण परिस्थिती" असेल तर भरपाई नाही, हे खरं. पण नियमातल्या उदाहरणांत राजकीय अस्थिरता, नैसर्गिक आपत्ती, दंगल, पूर, संप, सरकारी आदेश अशा गोष्टी आहेत. इंजिन सांभाळणं हे कंपनीचं रोजचं काम आहे. "तांत्रिक बिघाड" हे दोन शब्द ऐकून माघार घेऊ नका. बिघाड नेमका कशाने झाला आणि तो आवाक्याबाहेरचा कसा होता, हे लेखी मागा. परतावा, जेवण आणि हॉटेल वेगळ्या नियमांनी मिळतं. भरपाई नाकारली म्हणून तेही नाकारलं जात नाही.

युरोपातून निघत असाल, किंवा युरोपीय कंपनीने तिकडे जात असाल, तर तिथले नियम जास्त उदार आहेत. अंतरानुसार २५० ते ६०० युरो मिळतात आणि नेहमीचा तांत्रिक बिघाड ही पळवाट नाही, असं युरोपीय न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलं आहे.

इजा झाली तर: आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ पासून आहे. विमानात चढण्यापासून उतरण्यापर्यंत अपघाताने झालेल्या शारीरिक इजेला कंपनी जबाबदार असते. घसरगुंडीवरून उतरणं हे उतरणंच. मनावर झालेल्या आघाताचं काय? २०१९ मध्ये लंडनहून व्हिएन्नाला निघालेल्या लाउडामोशनच्या विमानाचं डावं इंजिन उड्डाणाच्या वेळी फुटलं. बाहेर पडलेल्या एका प्रवासी महिलेला उजव्या इंजिनाच्या झोताने काही मीटर फेकलं. पुढे तिला मानसिक आघाताचा आजार जडला. उपचारांशिवाय बरी न होणारी मानसिक इजाही भरपाईला पात्र ठरू शकते, असा निकाल युरोपीय न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. तो भारतातल्या न्यायालयांना बंधनकारक नाही, पण मांडता येतो. म्हणून झोप लागत नसेल तर डॉक्टरकडे जा आणि त्याचीही नोंद ठेवा.

आत राहिलेलं सामान: ते बहुधा तपासणीनंतर परत मिळतं. खराब झालं असेल तर हातात आल्यापासून सात दिवसांत लेखी कळवा. देशांतर्गत प्रवासात भरपाईची मर्यादा माणशी २०,००० रुपये आहे. माँट्रियल करारात २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास. केबिन बॅगेसाठी कंपनीची चूक दाखवावी लागते. लॅपटॉप आणि दागिन्यांची पूर्ण किंमत यातून निघत नाही. प्रवास विमा त्यासाठीच असतो.

तेच विमान परत निघालं आणि तुम्हाला जायचं नसेल तर: क्रूला सांगून उतरता येतं. तुमची चेक-इन बॅगही उतरवावी लागते, म्हणून वेळ लागतो. पैसे मात्र तिकिटाच्या अटींप्रमाणेच मिळतील, वर सांगितलेली उशिराची मर्यादा ओलांडली असेल तर गोष्ट वेगळी.

तक्रार कशी करायची

1. बोर्डिंग पास, उशिराचे मेसेज, खाण्या-राहण्याची बिलं, डॉक्टरचा कागद यांचे फोटो त्याच दिवशी काढा.
2. कंपनीला ईमेल करा. उत्तर आलं नाही तर नोडल ऑफिसर, मग अपिलेट ऑथॉरिटी. दोघांचे पत्ते कंपनीच्या संकेतस्थळावर असतात.
3. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवा.
4. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा.
5. दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जा. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दाखल करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. तिकिटाची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

दोन गोष्टींत लोक हमखास फसतात. एक, काउंटरवर दिलेलं व्हाउचर घेताना "आता कसलीही मागणी उरली नाही" असं लिहिलेल्या कागदावर सही करतात. व्हाउचर घ्या, पण वाचल्याशिवाय सही करू नका. दोन, आगीचा व्हिडिओ गटागटांत पसरवतात आणि तपास करणाऱ्यांना देत नाहीत. विमान अपघात तपास विभागाला, म्हणजे एएआयबीला, तो जास्त उपयोगी पडतो. पण बसल्या जागेवरून आधीच टिपलेला असेल तरच द्या. व्हिडिओसाठी दारात थांबू नका.

पुढच्या प्रवासाची तयारी कराल तेव्हा वरच्या यादीतला तो पाऊच आधी भरा आणि मग बॅग भरायला घ्या. बॅगेत जे गेलं ते वेळ आली तर आत सोडायचं आहे, हे लक्षात ठेवून भरलीत, तर घसरगुंडीच्या तोंडाशी तुमचा हात वरच्या कप्प्याकडे जाणार नाही.